कव्हरावरचा उलटा मोर

आमच्या घरात विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूला अंगभर कपडे असतात. मिक्सरला आहेत, टीव्हीला आहेत, शिलाई मशीनला तर दोन जोड आहेत, एक रोजचा आणि एक सणाचा. सगळी कव्हरं आईनं शिवलेली. जुन्या साडीचा काठ, ब्लाउजातून उरलेला खण, असं काहीबाही जोडून ती शिवते आणि प्रत्येकावर साखळी टाक्यानं एक चित्र काढते. मिक्सरवर कमळ आहे. टीव्हीवर दोन हंस आहेत आणि त्यांची तोंडं दाराकडे असावीत असा नियम आहे, कारण आत येणाऱ्या पाहुण्याला शेपट्या दाखवणं बरं नाही. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालून निवृत्त झालो, त्यामुळे या बाबतीत मला फारसं बोलता येत नाही.

लॅपटॉप घरात आला तेव्हा त्याचंही माप घेतलं गेलं. उशीच्या अभ्र्यासारखं एका बाजूनं उघडं, तोंडाशी इलॅस्टिक, वर जांभळा मोर. लॅपटॉप जुना होता, नगरच्या एका ओळखीच्या माणसानं वापरून सोडलेला. नवीन विंडोज त्याला झेपेना, म्हणून मी त्यात लिनक्स टाकलं. ही फुकट मिळणारी आणि कोणालाही आत डोकावू देणारी प्रणाली आहे. तिच्यात एकच गैरसोय आहे. आत डोकावता येतं म्हटल्यावर माणूस डोकावत बसतो. मी निवृत्त असल्यामुळे सोनईसारख्या गावात मला डोकावायला वेळही भरपूर होता.

पण त्या लॅपटॉपचं खरं काम माझ्याकडे नव्हतं, आईकडे होतं.

आईची थोरली बहीण जामखेडला असते. गावाबाहेर वस्तीवर, नातवाकडे. गेल्या काही वर्षांत मावशीचे कान पूर्ण गेले. यंत्र लावलं तर डोक्यात कारखान्याचा भोंगा वाजतो म्हणते, म्हणून ते डब्यात ठेवून दिलंय. पण ती ओठ वाचते. कोणाकडून शिकली नाही. ऐकू येणं कमी होत गेलं तसं हे आपोआप येत गेलं. समोरच्याचं तोंड नीट दिसलं की तिला सगळं कळतं, आणि आईचं तोंड तर ती सत्तर वर्षांहून जास्त बघत आली आहे. इकडे आईच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला गाडीत बसायची बंदी. मावशीचे गुडघे घराचा उंबरा ओलांडू देत नाहीत. एकाच जिल्ह्यात राहणाऱ्या या दोघींना एकमेकींकडे जाणं परदेशी जाण्याइतकं अवघड होऊन बसलं.

फोनवर व्हिडिओ करून पाहिला होता. आईचा हात थरथरतो, त्यामुळे जामखेडला नुसता भूकंप दिसायचा. फोन डब्याला टेकवून ठेवला तर तो घसरायचा. "तुजं नाकच दिसतंय गं, तोंड कुठं हाय?" असं मावशी विचारायची. शेवटी लॅपटॉप चौरंगावर ठेवला, त्याच्यापुढे आईची खुर्ची मांडली, आणि जमलं. दुपारी जेवणं आटोपली की मी जोडून द्यायचं आणि बाहेर जायचं, ही पद्धत पडली.

त्यांचं बोलणं ऐकायची एक मजा होती. आई आवाज काढत नसे. काढून उपयोग काय? ती नुसते ओठ हलवायची, सावकाश, मोठे मोठे. मावशीला मात्र स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती शेतात हाक मारल्यासारखी बोलायची. त्यामुळे घराला आणि थोडंफार गल्लीलाही या संवादाची एकच बाजू कळायची. "न्हाई गं, ती कुठं, तिची जाऊ!" "मरू दे तिला!" "मेली? कधी?" असं ऐकत आम्ही दुसरी बाजू मनानं भरून घ्यायचो.

एका दुपारी मी बाजारातून परत आलो तर चौरंगावर लॅपटॉप बंद, कव्हर घातलेलं, आणि आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेली. अजून त्यांची वेळ संपली नव्हती.

"आज लवकर उरकलं?" मी विचारलं.

"ते गेलं," आई म्हणाली.

"कोण गेलं?"

"तुझं ते. मी बोलत होते आणि गेलं."

मेथीच्या काड्या जरा जास्तच जोरात मोडल्या जात होत्या. मी चौरंगाकडे गेलो. कव्हरावरचा मोर डोक्यावर उभा होता, पाय वर आणि तुरा खाली. तेव्हा ते माझ्या डोळ्यांना दिसलं, डोक्यात शिरलं नाही. मी कव्हर ओढून काढलं, लॅपटॉप उघडला. वायफाय नव्हतं. कोपऱ्यातल्या चिन्हावर फुली होती. माझ्या फोनवर मात्र त्याच राऊटरचं वायफाय छान चालत होतं.

खरी हकीकत बायकोनं सांगितली. ती बाजूच्या खोलीत पडली होती आणि तिनं अर्थातच मावशीची बाजू ऐकली होती.

"लग्नाचं निघालं होतं," ती म्हणाली. "मावशींच्या लग्नाचं. मावशी म्हणाल्या, 'माज्या पाठवनीला तू रडली न्हाईस. वेशीपर्यंत आली न्हाईस. पंगतीत जिलब्या खात बसली हुतीस.' मग आई काय म्हणाल्या ते कळलं नाही. मग मावशी म्हणाल्या, 'खोटं हाय का?' आणि मग काहीच ऐकू आलं नाही."

"तेवढ्यात वायफाय गेलं," मी म्हणालो.

"हो ना," बायको म्हणाली. "बरोबर तेवढ्यातच."

मी मावशीच्या नातसुनेच्या फोनवर निरोप पाठवला, की आमचं मशीन बिघडलंय, आजींना सांग, लवकरच दुरुस्त करतो. थोड्या वेळानं उत्तर आलं: "आजी म्हणतात, बिघडलं का बिघडवलं ते इचार."

मी हे आईला वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तिला वाटतंय मी तोंडावर दार लावलं," ती म्हणाली.

"मग खरं काय ते लिहून पाठवू का? तू सांग, मी लिहितो."

"असलं लिहून सांगायचं नसतं. पोरीच्या फोनवर? ती पोरगी वाचणार, मग तिचा नवरा वाचणार. आणि तू जाऊन सांगशील म्हणशील, तर तेही नको. तिनं माझं तोंड बघितलं पाहिजे. तू मशीन नीट कर."

आपण फुकटच्या प्रणालीचं फार कौतुक केलेलं असतं तेव्हा असं वाक्य जरा लागतं. लिनक्स का टाकलंस, असं तिनं विचारलं नाही. तिला लिनक्स म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. ते मशीन माझं आणि तिची बहीण तिची, एवढीच तिच्या हिशेबी विभागणी होती.

मी कामाला लागलो. लिनक्समध्ये दुखणं शोधायचं तर एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात आज्ञा टाइप करायच्या. त्या खिडकीत बसलं की आपण काहीतरी फार महत्त्वाचं करतो आहोत असं वाटायला लागतं. बायको चहा ठेवून गेली तीसुद्धा पावलं न वाजवता. मी आधी विचारलं, वायफायचं कार्ड मशीनला दिसतंय का? दिसत होतं. त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, जागेवर आहे का? होता. मग मी तो काढून परत घातला. फोनवरून दुसरा उतरवून पेन ड्राइव्हनं नेला. तोही घातला. गावातल्या वैदूसारखी माझी अवस्था झाली होती. रोगी तोच, काढे वेगवेगळे.

शेवटी एक आज्ञा सापडली, जी वायफायचा रस्ता कुठं अडला आहे ते सांगते. तिनं दोन ओळी दिल्या. सॉफ्ट ब्लॉक्ड: नो. हार्ड ब्लॉक्ड: येस.

म्हणजे प्रोग्रॅमनं अडवलेलं नाही, आतल्या लोखंडानंच अडवलं आहे. मी अर्थ लावला की कार्ड मेलं. खात्री करावी म्हणून लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या जागी फोनवरून प्रश्न टाकला. जगाच्या पाठीवरच्या कुठल्यातरी अनोळखी माणसानं एका ओळीत उत्तर दिलं, की याचा अर्थ बहुतेक वेळा लॅपटॉपच्या कडेला असलेलं वायफायचं बटण बंद आहे. मी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. हे मशीन माझ्याकडे कधीपासून आहे, मी त्यात काय काय केलं आहे, आणि त्याला असलं कुठलंही बटण नाही. त्याचं यावर उत्तर आलं नाही. मला वाटलं, पटलं असावं.

फोन वायरनं लॅपटॉपला जोडून त्याचंच इंटरनेट देता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

मधल्या काळात दुपारी आई जेवण झालं की खुर्चीवर जाऊन बसायची. समोर मी काळ्या खिडकीत. "चालू दे तुझं," ती म्हणायची आणि बसून राहायची. एकदा मी माझ्या फोनवरून मावशीला लावून दिलं, दोन्ही हातांनी फोन धरून आईसमोर बसलो. मावशीनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "हनुवटी दिसतीय नुसती. ऱ्हाऊ दे." आणि नातसुनेला खूण करून बंद केलं. आईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू हनुवटी मीच निवडली होती.

मग मी लॅपटॉप घेऊन नगरला गेलो. एसटीच्या पाटीवरचं नाव बदललंय, कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. दुकान काचेचं होतं. नावात 'सोल्युशन्स' होतं. आत भिंतीवर मालकांच्या प्रमाणपत्रांच्या तसबिरी, आणि मधोमध उद्घाटनाचा मोठा फोटो, ज्यात कोणीतरी पुढारी कात्री धरून होता आणि फीत मात्र कोणाच्यातरी खांद्याआड गेली होती. मालकांनी लॅपटॉप उघडला आणि ते थोडं मागं सरकले.

"सर, हे लिनक्स आहे."

"हो."

"हे सर्व्हरवाल्यांचं असतं, सर. घरात कशाला?"

"आई वापरते."

त्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. आई काय करते ते विचारायचं त्यांना धाडस झालं नाही. मी माझं निदान सांगितलं, हार्ड ब्लॉक्ड, कार्ड गेलं. माणूस स्वतःच निदान घेऊन आला की दुकानदाराला बरं पडतं. त्यांनी मान डोलावली, मोडलेल्या लॅपटॉपच्या ढिगातून एक तसलंच कार्ड काढलं, आमच्यातलं काढून ते बसवलं. बटाट्याच्या कापाएवढी ती हिरवी चकती. लॅपटॉप सुरू केला. वायफाय नव्हतं. मी काळी खिडकी उघडली. हार्ड ब्लॉक्ड: येस.

"म्हणजे बोर्ड गेला, सर," मालक म्हणाले. "विंडोज टाकून बघू का?"

मी नको म्हणालो, आणि परतीच्या एसटीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो. घोडेगावपर्यंत मला एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं, की आता आईला 'बोर्ड' हा शब्द समजावून सांगावा लागणार.

घरी आई ओसरीवर उभी होती. ऑपरेशननंतर ती उभी फार राहत नाही.

"झालं?"

"नाही. आतली मोठी पाटी गेली म्हणतात. नवीन मशीन घ्यावं लागेल. बघतो."

ती वळली. आत गेली, खुर्चीवर बसली, आणि चौरंगाकडे बोट दाखवून म्हणाली, "ठेव तिथं. आणि झाक, धूळ बसती."

मी कव्हर उचललं आणि लॅपटॉप त्यात कोंबला. इलॅस्टिक कडेवर ओढून बसवलं.

"मोर उलटा झाला," आई म्हणाली.

खरंच झाला होता. नेहमी लॅपटॉपची पुढची कड आधी आत जाते आणि कव्हराचं तोंड मागं, बिजागरीकडे येतं. मी उलट घातल्यामुळे इलॅस्टिक पुढच्या कडेवर आलं होतं. मी ते काढायला एका बाजूनं ओढलं. ते कशाला तरी अडकलं. मी आणखी ओढलं, आणि आतून बारीक 'टक' असा आवाज आला.

मी लॅपटॉप बाहेर काढला आणि पुढच्या कडेवरून अंगठा फिरवला. काळ्या कडेत काळंच, गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. डावीकडे सरकत होतं, उजवीकडे सरकत होतं. त्याच्यावर एकेकाळी चिन्ह असेल, आधीच्या मालकाच्या मनगटांनी ते पुसून टाकलं होतं. मी झाकण उघडलं. कोपऱ्यातली फुली गेली होती आणि मशीन आपलं आपण राऊटरला जाऊन मिळालं होतं.

मी पुन्हा बंद केलं. मोर सरळ ठेवून कव्हर घातलं, काढलं. बटण जागेवर. मोर उलटा करून घातलं, इलॅस्टिक कडेवरून ओढून बसवलं. टक. वायफाय गेलं.

हे सगळं मी आईच्या समोर करत होतो. टीव्हीच्या हंसांची तोंडं बोटभर फिरली तरी जी उठून सरळ करते, तिनं ज्या दिवशी मोर डोक्यावर उभा केला तो दिवस मला आता आठवला. आधी झाकण बंद झालं होतं. वायफाय त्यानंतर गेलं होतं.

"सापडलं?" आईनं विचारलं.

"सापडलं. कडेला बटण आहे एक. कव्हर उलटं घातलं की इलॅस्टिकनं सरकतं."

आईनं मोराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग मोराकडे.

"मग उलटं घालायचं कशाला?" ती म्हणाली.

"तेच."

"लाव तिला."

मी नातसुनेला कळवलं आणि जोडून दिलं. नेहमीप्रमाणे उठायला लागलो तर आईनं माझी बाही धरली. "बस. परत गेलं तर?" मी बाजूला स्टुलावर बसलो.

पडद्यावर मावशी आली. पुढ्यात सूप घेऊन शेंगा फोडत होती. "झालं का नीट? का आजून बिघडल्यालंच हाय?" ती गरजली, आणि उत्तराची वाट न बघता मान खाली घालून शेंगा फोडायला लागली.

मावशीपाशी हे एक हत्यार आहे. आपल्याला नको ते कानावर पडतंच. तिला ऐकायचं नसलं की ती खाली बघते. मग तिच्यापर्यंत पोचायला कुठूनच वाट नाही. आईनं ओठ हलवले. मावशी शेंगा फोडत राहिली. आईनं हात हलवला. तिकडून नातसुनेनं तिच्या खांद्याला हात लावला, तर मावशीनं खांदा झटकला.

आईनं हात खाली घेतला. मग तिनं मांडीवरचं कव्हर उचललं आणि दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. उलटं. हात थरथरत होते, त्यामुळे मोर डोक्यावर उभा राहून नाचत होता.

मावशीनं टरफल टाकताना ओझरतं वर पाहिलं आणि तिची नजर तिथंच थांबली.

"उलटा धरलाय की गं मोर."

आईनं कव्हर खाली केलं, तोंड पुढं आणलं आणि ओठ हलवले. या खेपेला तिच्या नकळत थोडा आवाजही आला. "त्या दिवशी उलटाच घातला होता."

मावशी बघत राहिली. तिला सगळं कळलं असणार. आपल्या बहिणीच्या हातून मोर उलटा जायला काय व्हावं लागतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"म्हंजी बिघडवलंच," ती म्हणाली. पण सूप तिनं बाजूला सारलं.

मग आई बोलायला लागली, आणि बहिणीशी बोलताना तिची भाषा नेहमी होते तशी माहेरची झाली. आवाज येत-जात होता, म्हणून मला बरंचसं कळलं. त्यांच्या वडलांनी तिला मुद्दाम पंगतीत बसवलं होतं. धाकटी रडत आली तर थोरली गाडीतनं उतरंल, आन मग सगळंच अवघड, असं म्हणाले होते. पानात जिलबी वाढली होती आणि उठायचं नाही म्हणून बजावलं होतं.

"मंग?" मावशीनं विचारलं.

"मंग काय. खाल्ली."

"रडत रडत?"

"व्हय."

"किती खाल्ल्यास?"

"लई. वाढतच हुते."

मावशी हसली. तिचं हसणंही तिला ऐकू येत नाही, त्यामुळे ते आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. "मी गाडीत उलटी बसून मागं बघत हुते गं," ती म्हणाली. "पार वडाच्या झाडापतोर. म्हनलं, आता येईल पळत. आता येईल."

यावर आईनं काहीतरी म्हटलं. अगदी सावकाश, मोठे ओठ करून, आणि या वेळी आवाज अजिबात काढला नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, पण बाजूला होतो. मला काही कळलं नाही. जामखेडला कळलं.

"व्हय गं," मावशी म्हणाली. नेहमीच्या मानानं हळू. "व्हय, व्हय. आता डोळं पूस, पोरगं बघतंय."

मी राऊटरकडे बघायला लागलो. त्याचे सगळे दिवे व्यवस्थित लागलेले होते, बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ बघत बसलो.